जितकं लागेल तितकं, लागेल तोवर: मर्क आणि मेक्टिझानचं प्रकरण

मर्क या अमेरिकी औषध कंपनीनं 21 ऑक्टोबर 1987 रोजी जाहीर केलं की ‘मेक्टिझान’ हे आपलं नवं औषध ती रिव्हर ब्लाइंडनेसच्या रुग्णांना फुकट देईल. ज्याला लागेल त्याला, जितकं लागेल तितकं आणि गरज असेल तोवर. व्यवसाय-नीती शिकवताना हे प्रकरण बहुतेक वेळा एका सोप्या प्रश्नासाठी वापरलं जातं: कंपनीनं नफा सोडावा का? मग फळ्यावर उपयुक्ततावाद, कर्तव्यवाद, सद्गुणनीती असे रकाने पडतात, सगळ्या रकान्यांत ‘होय’ येतं आणि तास संपतो. मला हा घाईचा निकाल वाटतो. सिद्धान्तांमधला फरक ‘होय’ म्हणण्यात फारसा दिसतच नाही. ‘होय’ कशासाठी, किती वर्षं, कोणाच्या पैशानं आणि त्यात कोणाला ‘नाही’ म्हणावं लागतं, हे विचारलं की तो दिसू लागतो. म्हणून हे प्रकरण शेवटपर्यंत वाचायला हवं, 1987 च्या पुढेही.

रोग आणि रेणू

रिव्हर ब्लाइंडनेस म्हणजे ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस या कृमीचा संसर्ग. वेगानं वाहणाऱ्या नद्यांच्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माशा तो माणसामाणसांत पसरवतात. प्रौढ कृमी त्वचेखाली गाठी करून दहा-पंधरा वर्षं जगतात आणि मादी लाखोंनी सूक्ष्म पिल्लं सोडत राहते. ती पिल्लं त्वचेतून फिरतात, असह्य खाज सुटते, कातडी रंग सोडते. डोळ्यांत शिरून ती मरतात तेव्हा दाह होतो आणि वर्षानुवर्षांच्या दाहानं दृष्टी जाते. 1970 च्या दशकातल्या अंदाजांनुसार आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि येमेन मिळून सुमारे 1.8 कोटी लोकांना हा संसर्ग होता. पश्चिम आफ्रिकेत तर नदीकाठची सुपीक जमीन सोडून गावंच्या गावं उठून गेली होती.

त्या वेळी दोन औषधं होती. सुरामिन विषारी होतं. डायएथिलकार्बामाझिन पिल्लांना मारायचं, पण त्यातून उठणारी प्रतिक्रिया इतकी तीव्र असे की डोळ्यांना उलट इजा व्हायची. म्हणून 1974 पासून जागतिक आरोग्य संघटनेनं पश्चिम आफ्रिकेत हेलिकॉप्टरमधून नद्यांवर अळीनाशक फवारायला सुरुवात केली होती. माशी मारायची, आधीपासून आजारी असलेल्यांसाठी मात्र करण्यासारखं फार काही नाही, अशी ती अवस्था होती.

मेक्टिझानमधलं औषधी द्रव्य म्हणजे आयव्हरमेक्टिन. त्याचा शोध वेगळ्याच कामातून लागला. जपानच्या किटासातो इन्स्टिट्यूटमधले सातोशी ओमुरा यांनी शिझुओका प्रांतातल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला. मर्कशी असलेल्या संशोधन-करारानुसार तो कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत गेला. तिथं विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाला त्यात कृमींवर विलक्षण प्रभावी द्रव्य सापडलं. कंपनीनं ते 1981 मध्ये जनावरांचं औषध म्हणून बाजारात आणलं आणि ते तुफान खपलं. या शोधासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना 2015 चा वैद्यकशास्त्राचा नोबेल मिळाला. त्याचा दुसरा अर्धा भाग मलेरियावरच्या कामासाठी तू यूयू यांना होता.

जनावरांवरच्या प्रयोगांत कॅम्पबेल यांच्या लक्षात आलं की घोड्यांमध्ये आढळणाऱ्या, मानवी ऑन्कोसर्काच्या जवळच्या नात्यातल्या कृमीवर हे औषध चालतं. मग माणसावर का चालू नये? हा प्रश्न त्यांनी मर्कचे संशोधनप्रमुख रॉय व्हॅजेलॉस यांच्यापुढे ठेवला. व्हॅजेलॉस स्वतः डॉक्टर होते. त्यांनी पुढे जायला परवानगी दिली आणि आफ्रिकेत काम केलेले मोहम्मद अझीझ यांच्याकडे मानवी चाचण्या सोपवल्या. पहिली चाचणी 1981 मध्ये सेनेगलच्या डकारमध्ये झाली. औषध चाललं. एका मात्रेनं त्वचेतल्या पिल्लांची संख्या महिनोन्महिने खाली राहिली आणि जुन्या औषधांसारखी भयंकर प्रतिक्रियाही आली नाही.

राहता प्रश्न पैशाचा. रुग्णांकडे पैसे नव्हते, त्यांच्या सरकारांकडेही नव्हते. मर्कनं अमेरिकी सरकारकडे आणि आंतरराष्ट्रीय संस्थांकडे विचारणा केली. औषध विकत घ्यायला कोणी पुढे आलं नाही. 1985 पासून व्हॅजेलॉस कंपनीचे प्रमुख होते. फ्रान्समध्ये औषधाला मंजुरी मिळताच त्यांनी ती घोषणा केली.

हा एक निर्णय नव्हता

लोक याला ‘मर्कचा निर्णय’ म्हणतात, पण यात तीन निर्णय आहेत आणि ते वेगळे ठेवले नाहीत तर विश्लेषण गढूळ होतं. पहिला, ज्याचं गिऱ्हाईक पैसे देऊ शकणार नाही अशा औषधावर संशोधन करायचं. दुसरा, तयार झालेलं औषध फुकट द्यायचं. तिसरा, ते देण्याला शेवटची तारीख लावायची नाही.

पहिल्या निर्णयाच्या वेळी माहिती फारच थोडी होती. औषध माणसाला मानवेल का, हे ठाऊक नव्हतं. माणसांत काही वाईट घडलं असतं तर जनावरांच्या औषधाचा भरभराटीला येणारा बाजारही डागाळला असता. दुसऱ्या निर्णयाच्या वेळी औषध हातात होतं आणि ते रोखून धरणं म्हणजे नेमकं काय हे सगळ्यांना स्पष्ट दिसत होतं. तिसऱ्याकडे सहसा कोणी बघत नाही, आणि माझ्या मते या प्रकरणाचं सगळं वजन तिथं आहे.

बेरीज-वजाबाकी

बेंथॅम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांच्या परंपरेतला उपयुक्ततावादी परिणाम मोजतो. दुसऱ्या निर्णयाचा हिशोब त्याला क्षणभरही अडवत नाही: एका पारड्यात वर्षाला एक मात्रा बनवण्याचा मामुली खर्च, दुसऱ्यात माणसाची दृष्टी, अंग न खाजवता मिळणारी झोप, परत कसता येणारी जमीन. पण पहिल्या निर्णयाच्या वेळी त्यानंच सर्वांत टोकदार शंका काढायला हवी. गरीब देशांतल्या रोगावर औषध शोधणारी प्रत्येक कंपनी शेवटी ते फुकट द्यायला नैतिकदृष्ट्या बांधली जाणार असेल, तर शहाणी कंपनी त्या वाटेला जाईलच कशाला? या एका कृतीचं फळ गोड असलं, तरी तिनं घालून दिलेल्या नियमाचं फळ कडू असू शकतं. नियमांचे परिणाम मोजणारा उपयुक्ततावाद इथं कृतीचे परिणाम मोजणाऱ्यापासून वेगळा होतो.

पुढचा इतिहास ही शंका अर्धी खोटी ठरवतो, अर्धी खरी. इतर कंपन्या मर्कच्या मागोमाग आल्या. स्मिथक्लाइन बीचमनं (पुढची ग्लॅक्सोस्मिथक्लाइन) हत्तीरोगासाठी अल्बेंडाझोल दिलं, फायझरनं ट्रॅकोमा या डोळ्यांच्या संसर्गासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन, नोव्हार्टिसनं कुष्ठरोगाची औषधं. जानेवारी 2012 च्या लंडन जाहीरनाम्यात तर अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन अशी वचनं दिली. म्हणजे हातात असलेलं औषध देण्याची प्रथा पडली. नवं औषध शोधण्याची मात्र तशी पडली नाही. दुर्लक्षित रोगांसाठी 2003 मध्ये डीएनडीआय ही ना-नफा संस्था उभी करावी लागली. रिव्हर ब्लाइंडनेससाठी मॉक्सिडेक्टिन या पुढच्या औषधाला 2018 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, तीही एका ना-नफा संस्थेनं मिळवलेली. हा रेणूही मुळात जनावरांच्या औषधांतलाच. परिणामांवरून नीती ठरवणाऱ्यानं या नोंदीही आपल्या वहीत घ्यायलाच हव्यात.

भागधारकांचा पैसा

अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 मध्ये मांडलेला युक्तिवाद थोडक्यात असा: व्यवस्थापक हा भागधारकांचा प्रतिनिधी आहे, कायदा आणि समाजाचे मूलभूत नैतिक संकेत पाळून त्यानं त्यांच्यासाठी नफा मिळवावा, परोपकार करायचा तर स्वतःच्या खिशातून करावा. व्यवस्थापनाचे अभ्यासक एडवर्ड फ्रीमन यांनी 1984 मध्ये याला पर्याय मांडला: कामगार, ग्राहक, पुरवठादार, समाज, हे सगळेच हितसंबंधी आहेत आणि व्यवस्थापनाचं काम त्यांच्यात मेळ घालण्याचं आहे.

फ्रीडमनचे समर्थक इथं सहसा एक पळवाट काढतात. मर्कला करसवलत मिळाली, नाव झालं, उत्तम शास्त्रज्ञ येऊन मिळाले, म्हणजे हे दान दीर्घकाळात नफ्याचंच होतं. व्हॅजेलॉस यांनीही पुढे सांगितलं की या निर्णयामुळे चांगली माणसं मिळवणं सोपं गेलं. पण स्वतः फ्रीडमन यांना ही पळवाट पटली नसती. स्वार्थाला सामाजिक जबाबदारीचा मुलामा देण्यावर त्यांचा आक्षेपच होता. शिवाय पहिल्या निर्णयाच्या वेळी यातला कोणताही फायदा मोजून दाखवता आला नसता. फ्रीमनच्या मांडणीची अडचण दुसरी आहे. नदीकाठच्या गावातला रुग्ण मर्कचा ग्राहक नव्हता, कामगार नव्हता, शेजारीही नव्हता. त्याला ‘हितसंबंधी’ म्हणायचं तर जगातला कोणीही हितसंबंधी ठरतो, आणि मग त्या शब्दानं व्यवस्थापकाला नेमकं काय सांगितलं? या दोन्ही सिद्धान्तांनी या प्रकरणात मला फारसं काही दिलं नाही, म्हणून त्यांच्यापाशी रेंगाळत नाही.

वचन दिल्यावर

मेक्टिझान प्रौढ कृमीला मारत नाही. ते पिल्लांना मारतं आणि मादीचं प्रजनन काही महिने थांबवतं. मग पुन्हा सुरू. म्हणून मात्रा दरवर्षी घ्यावी लागते, शरीरातले प्रौढ कृमी वय होऊन मरेपर्यंत, म्हणजे दशकाहून अधिक काळ. शिवाय ती एकट्यादुकट्यानं घेऊन भागत नाही. सगळ्या वस्तीनं घेतली तरच माशीला पसरवायला काही उरत नाही. दोन वर्षं वाटून औषध बंद केलं तर गाव होतं तिथंच परत जातं. या एका जीवशास्त्रीय गोष्टीमुळे ‘फुकट’ या शब्दापेक्षा ‘लागेल तोवर’ हे शब्द कितीतरी मोठे ठरतात.

इथं कर्तव्यवादाचा प्रमुख तत्त्वज्ञ कांट फार उपयोगी पडतो. त्याच्या मांडणीत इतरांना मदत करणं हे अपूर्ण कर्तव्य आहे: ते टाळता येत नाही, पण कोणाला, किती, कधी यात कर्त्याला मोकळीक असते. दिलेला शब्द पाळणं हे पूर्ण कर्तव्य आहे. तिथं मोकळीक नाही. 20 ऑक्टोबर 1987 ला मर्कला निवड होती. तिनं कर्करोगावर जास्त पैसा घातला असता, निम्मं औषध दिलं असतं, दहा वर्षांचीच हमी दिली असती, तर कांटचा अनुयायी तिला फार दोष देऊ शकला नसता. घोषणेनंतर ते संपलं. ज्यांचे कंपनीवर कोणतेच ठाम हक्क नव्हते अशा माणसांना एका वाक्यानं हक्क मिळाला.

कृतीचे परिणाम मोजणारा उपयुक्ततावादी इथं अडखळतो. त्याला हिशोब दरवर्षी नव्यानं मांडावा लागतो: हा पैसा यंदा दुसरीकडे जास्त डोळे वाचवील का? समजा एखाद्या वर्षी उत्तर ‘होय’ आलं, मग? नियम मानणारा उपयुक्ततावादी म्हणेल की शब्द टिकतो या विश्वासावरच देशांनी कार्यक्रम उभे केले, माणसं शिकवली, वार्षिक वाटपाच्या योजना आखल्या. तो विश्वास मोडण्याची किंमत प्रचंड आहे. युक्तिवाद बरोबर आहे. तरी त्यात रुग्णाला दिलेला शब्द हा एका मोठ्या व्यवस्थेचा भाग म्हणून महत्त्वाचा ठरतो. कांटच्या मांडणीत तो त्या रुग्णाला दिलेला आहे, एवढंच पुरतं. मला कांटचं वर्णन अधिक खरं वाटतं, कारण खेड्यातली बाई वर्षानुवर्षं गोळी घेते ती आपल्याला मिळालेल्या हमीवर, जगाच्या एकूण कल्याणाच्या आकड्यावर नव्हे.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. आजच्या व्यवस्थापकानं उद्याच्या व्यवस्थापकाला आणि अजून शेअरही न घेतलेल्या भागधारकाला असं बांधून ठेवणं योग्य आहे का? व्हॅजेलॉस 1994 मध्ये निवृत्त झाले; वचन चालूच आहे. पण कंपन्या हे नेहमीच करतात. तीस वर्षांचे रोखे काढतात, निवृत्तिवेतनाची हमी देतात, दीर्घ मुदतीचे करार करतात. पुढच्यांना बांधण्याला तिथं कोणी अनैतिक म्हणत नाही. मग आक्षेप बांधण्याला नसून, ज्याच्याकडून मोबदला मिळणार नाही त्याच्यासाठी बांधण्याला आहे. तसं असेल तर तो उघड तसाच मांडला जावा.

हेतूबद्दलही बोलायला हवं, कारण कांट म्हटलं की तो प्रश्न येतोच. त्यानं 1785 मध्ये दुकानदाराचं उदाहरण दिलं होतं: अजाण गिऱ्हाइकालाही तो ठरला भाव लावतो, पण धंद्याच्या फायद्यासाठी, त्याची कृती कर्तव्याला धरून आहे, कर्तव्यापोटी नाही. मर्कचं तसंच असेल का? असेलही, निदान काही अंशी. करसवलत आणि नावलौकिक कोणाला नको असतात? मात्र हा प्रश्न कर्त्याच्या नैतिक मोठेपणाचा आहे. कृती योग्य होती की नाही, आणि आता रुग्णाचा हक्क आहे की नाही, यांवर त्याचा काही परिणाम होत नाही.

कांटचा दुसरा आग्रह, माणसाला केवळ साधन मानू नका, हा वाटपाच्या पद्धतीत जास्त कसाला लागला. सुरुवातीला फिरती आरोग्यपथकं गोळ्या वाटत. 1990 च्या दशकात आफ्रिकेतल्या कार्यक्रमानं वेगळी रीत धरली: वाटप कोणी करायचं, कधी, कसं, हे गावानंच ठरवायचं आणि आपल्यातला माणूस निवडून शिकवून घ्यायचा. वजनकाटा नेणं अवघड, म्हणून मात्रा उंचीवरून ठरवायची. खुणा केलेली एक काठी उभी धरायची आणि खुणेप्रमाणे गोळ्या द्यायच्या. या पद्धतीनं पोहोच टिकली. 1980 च्या दशकात पुढे आलेल्या काळजीच्या नीतीचे अभ्यासक याच ठिकाणी बोट ठेवतील, आणि बरोबर ठेवतील: दान देणारा दूर असला तरी काळजी घेणं हे जवळच्याचं काम राहिलं.

कंपनीचा स्वभाव

सद्गुणनीती कृतीपेक्षा कर्त्याच्या स्वभावाकडे बघते. तिचा मूळपुरुष अॅरिस्टॉटल याच्या दृष्टीनं औदार्य म्हणजे नुसतं देणं नाही. योग्य व्यक्तीला, योग्य प्रमाणात, योग्य वेळी देणं. मर्कनं औषध कोणाला पाठवायचं हे स्वतःकडे ठेवलं नाही. देवीच्या निर्मूलनात मोठा वाटा असलेल्या विल्यम फेगी यांच्या संस्थेमार्फत स्वतंत्र तज्ज्ञ समिती नेमली आणि अर्ज तिनं तपासायचे असं ठरवलं. दान चोरबाजारात जाऊ नये, अर्धवट कार्यक्रमांत वाया जाऊ नये, यासाठी लागणारा व्यवहारी विवेक त्यात दिसतो.

पण सद्गुणनीतीला याच कंपनीनं अवघड प्रश्नही विचारला आहे. मर्कचं व्हायॉक्स हे वेदनाशामक 1999 मध्ये बाजारात आलं. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ते घेणाऱ्यांत नॅप्रॉक्सेन हे दुसरं वेदनाशामक घेणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. कंपनीनं त्याचा अर्थ नॅप्रॉक्सेन हृदयाचं रक्षण करतं असा लावला आणि विक्री चालू ठेवली. औषध मागे घेतलं गेलं ते सप्टेंबर 2004 मध्ये. 2007 मध्ये दावे मिटवण्यासाठी कंपनीनं 4.85 अब्ज डॉलर देण्याचं मान्य केलं. त्या सबंध काळात मेक्टिझानचं वाटप एकही वर्ष चुकलं नव्हतं.

मग मर्क सद्गुणी की दुर्गुणी? मला वाटतं, अख्ख्या कंपनीला एक स्वभाव चिकटवण्यात चूक आहे. प्रमुख बदलतात, बक्षिसांची रचना बदलते, विक्रीचा दबाव एका विभागात असतो आणि दुसऱ्यात नसतो. मेक्टिझान टिकलं, कारण ते कोणाच्या चांगुलपणावर सोडलं नव्हतं. त्याभोवती समिती, करार आणि सार्वजनिक शब्द यांचं कुंपण होतं. व्हायॉक्सच्या बाबतीत धोक्याची माहिती पाहून विक्री थांबवायला भाग पाडेल असं कुंपण पुरेसं नव्हतं. सद्गुणनीती व्यवसायाला लावायची तर माणसांच्या स्वभावाइतकंच अशा कुंपणांकडे बघायला हवं.

जो प्रश्न मर्कपुढे नव्हताच

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये सुचवलं की समाजाचे नियम ठरवताना आपण त्या समाजात कोण असू हे ठाऊक नाही असं धरावं. त्यांनी स्वतः हा विचार एकेका समाजापुरता ठेवला. थॉमस पोगे यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनी तो जगाला लावला. अज्ञानाच्या त्या पडद्यामागून पाहिलं तर सवाल मर्कनं काय करावं हा उरत नाही. लाखो माणसांची दृष्टी जनावरांच्या औषधातल्या एका योगायोगावर आणि एका संशोधनप्रमुखाच्या होकारावर का अवलंबून होती, हा उरतो. संशोधनाचं बक्षीस पेटंटच्या वाटेनं, म्हणजे ग्राहकाच्या क्रयशक्तीप्रमाणे मिळतं. म्हणून आरोग्यावर झालेल्या परिणामाच्या प्रमाणात औषध-कंपन्यांना मोबदला देणारा जागतिक निधी असावा, अशी सूचना पोगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. या मुद्द्यावर मी पूर्णपणे त्यांच्या बाजूला आहे. मर्कची जितकी वाहवा होते तितकाच, तेव्हा खरेदीला नकार देणाऱ्या श्रीमंत सरकारांचा प्रश्न झाकला जातो.

लोआ लोआ

सगळे सिद्धान्त एकमेकांपासून खरोखर फुटतात ते मध्य आफ्रिकेच्या जंगलपट्ट्यात. तिथं लोआ लोआ नावाचा दुसरा एक कृमी आहे, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना दिसणारा. ज्याच्या रक्तात लोआ लोआची पिल्लं अतोनात असतात त्यानं मेक्टिझान घेतलं तर मेंदूवर घातक परिणाम होऊन तो बेशुद्ध होऊ शकतो, मरूही शकतो. 1990 च्या दशकात कॅमेरूनमधून असे रुग्ण कळू लागले.

आता बेरीज करा. एखाद्या जिल्ह्यात सगळ्यांना गोळी दिली तर हजारो लोक आंधळेपणापासून वाचतील आणि मोजके मरतील. मोजक्यांची नावं आधी कळणार नाहीत. उपयुक्ततावादी म्हणेल, द्या. कांटवादी विचारेल, ज्याला स्वतःचा धोका माहीत नाही त्याला सामूहिक मोहिमेत गोळी देणं म्हणजे त्याला इतरांसाठी वापरणं नाही का? प्रत्यक्षात मधला मार्ग काढला गेला: रिव्हर ब्लाइंडनेसचं प्रमाण जास्त असेल तिथं देखरेखीखाली वाटप, कमी असेल तिथं वाटपच नाही. दुसऱ्या प्रकारच्या भागांत राहणाऱ्यांना ‘जितकं लागेल तितकं’ या वचनाचा उपयोगच राहिला नाही.

कोंडी थोडी सुटली ती एका उपकरणामुळे. मोबाइलला जोडलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बोटातला रक्ताचा थेंब ठेवला की दोन-तीन मिनिटांत लोआ लोआच्या पिल्लांची हालचाल मोजली जाते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅमेरूनमधल्या कामात 16 हजारांहून अधिक लोकांची अशी तपासणी झाली. ज्यांना धोका होता असे सुमारे 2 टक्के लोक गोळीपासून वगळले, बाकीच्यांना ती दिली, आणि मेंदूवर गंभीर परिणाम झाल्याची एकही घटना घडली नाही. ‘द्यायचं की नाही’ या प्रश्नाच्या दोन बाजू धरून बसलेल्या सिद्धान्तांनी हा तिसरा पर्याय शोधला नसता. पण तो शोधायलाच हवा हा दबाव मला कांटच्या बाजूचा वाटतो. हजारोंचा फायदा मान्य करूनही त्या मोजक्यांना हिशोबात बुडवायला कोणीतरी नकार दिला म्हणून हे उपकरण लागलं.

वगळलेल्या त्या 2 टक्क्यांमध्येही ऑन्कोसर्का असू शकतो. त्यांच्यासाठी डॉक्सिसायक्लिन आहे. ते कृमीच्या आत राहणाऱ्या जिवाणूला मारतं, लोआ लोआमध्ये तो जिवाणू नसल्यानं तिकडून धोका येत नाही, पण ते आठवडेच्या आठवडे रोज घ्यावं लागतं. वर्षातून एकदा काठीनं उंची मोजून गोळी देण्यापेक्षा हे काम फार वेगळं आहे: रोजची आठवण, नोंद, पाठपुरावा, आणि त्याचा खर्च. उपयुक्ततावादी म्हणेल की एवढ्या थोड्यांसाठी एवढा खर्च इतर जिल्ह्यांतून काढून घेऊ नये. कांटवादी म्हणेल की त्यांना वगळलं ते त्यांच्याच जिवासाठी, म्हणून त्यांचं देणं फिटलेलं नाही. मर्कच्या 1987 च्या शब्दात डॉक्सिसायक्लिन नाही. ते देणं सरकारं, देणगीदार संस्था की कंपन्या यांच्यापैकी कोणाकडे जातं, हे अजून कोणीही घोषणा करून स्वीकारलेलं नाही.